हलकं खाणं

वडिलांची बदली गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत झाली, तेव्हा मी नागपूरला गृहविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला होते. परीक्षा देऊन कलकत्त्याला आले आणि नुसतं घरी बसण्यापेक्षा बरं म्हणून आहारशास्त्राच्या पदविकेला नाव घातलं. पदविकेचा निकाल लागला त्यात मी पहिली आले. हे मुद्दाम सांगते, कारण त्या दिवसांत कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगत असे.

तेव्हा आम्हा मुलींच्या डोळ्यांपुढे आहारतज्ज्ञ म्हणजे मोठ्या इस्पितळातली बाई असायची. पांढरा कोट, हातात तक्ते, मधुमेहाच्या वॉर्डातून रुबाबात फेरी. पण पदविकेनंतर सहा महिने कुठेतरी प्रत्यक्ष काम शिकावं लागे, आणि माझ्या वाट्याला आलं खिदिरपूरच्या गोदीमागच्या वस्तीतलं एक आरोग्य केंद्र. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, सकाळी तीन तास येणारे एक डॉक्टर आणि एक नर्स. मी जागा बघून घरी आले आणि रडले.

"पहिल्या आलेल्या मुलीला असल्या ठिकाणी पाठवतात का?" मी बाबांना विचारलं.

बाबा बूट काढत होते. "मला इथे पाठवलं तेव्हा मी कितवा आलो होतो हे कुणी विचारलं नाही," ते म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.

आम्ही पाच जणी शिकाऊ होतो. चौघी बंगाली आणि मी. आम्हाला शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. बंगालीत थोरल्या बहिणीला म्हणतात तसं सगळी वस्ती त्यांना बडदी म्हणे, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. बारीक चण, बारीक काठाची पांढरी साडी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बोलायच्या इतकं हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. पहिल्या आठवड्यात त्यांनी आम्हाला काही शिकवलंच नाही. आम्ही वह्या उघडून बसायचो आणि त्या म्हणायच्या, "आज रांगेतल्या बायकांची पोरं सांभाळा." मला ते अपमानास्पद वाटायचं. पोरं सांभाळायला पदविका कशाला हवी?

आषाढात, रथयात्रेच्या आसपास, एक बाई आली. नवरा गोदीत हमाल, गाव बिहारात छपऱ्याकडचं, वय असेल वीस-बावीस. पदराखाली तीन महिन्यांचं बाळ आणि कडेवर दोन वर्षांची मुलगी. आली होती बाळाच्या खोकल्यासाठी. जाता जाता म्हणाली, ही मोठी नुसती कुरकुरते, खात नाही, हिलाही बघा.

मी पुढे झाले. आढ्याला टांगलेल्या स्प्रिंगच्या काट्याखाली कापडाची झोळी असायची, तीत मुलीला बसवलं. वजन वयाच्या मानाने थोडं कमी होतं, पण काळजी करण्याइतकं नव्हतं. गाल तर चांगले फुगीर होते. मी ऐटीत तक्ता लिहिला: सकाळी एक पेला दूध, एक अंडं, दुपारी वरण-भात, पालेभाजी, चार वाजता फळ, संध्याकाळी पुन्हा दूध. वाचून दाखवला, तिने दोन्ही हातांनी घेतला. घडी करून पदराच्या गाठीत बांधला.

"वजन किती?" बडदींनी मागून विचारलं.

"थोडं कमी आहे, पण ठीक आहे. गाल बघा ना."

बडदी जमिनीवर बसल्या. मुलीला समोर बसवून त्यांनी तिचं पाऊल स्वतःच्या मांडीवर घेतलं, वरच्या बाजूला अंगठा दाबला आणि तसाच धरून ठेवला. मग अलगद काढला. अंगठ्याच्या जागी खळगा राहिला. कणकेच्या गोळ्यात बोट रुतावं तसा. तो भरेना. मग त्यांनी मुलीचे तांबूस केस दोन बोटांत धरून जरासे ओढले. केस हातात आले. मुलीने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

प्रथिनांच्या अभावाने होणाऱ्या या आजारावर मी परीक्षेत दीड पान लिहिलं होतं. पायांवरची सूज, केसांचा रंग, चेहऱ्याचा फसवा गुबगुबीतपणा, सगळं क्रमाने. त्यात एकही चूक नव्हती. आणि ते सगळं समोर झोळीत बसलेलं असताना मी म्हटलं होतं, गाल बघा.

"तू जे तोललंस त्यात मुलगी थोडी आणि पाणी फार आहे," बडदी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, इस्पितळात न्या. बाई ऐकेना. अंगावरचं बाळ कुठे ठेवू? नवरा पाळीवर असतो, घरी दुसरं कुणी नाही. डॉक्टर आणि बडदी बराच वेळ आत बोलत होते. शेवटी ठरलं ते असं: मुलीला रोज सकाळी केंद्रावर आणायचं, दिवसभर इथेच ठेवायचं, दूध केंद्राचं. ताप आला किंवा तिने गिळणं थांबवलं तर त्या क्षणी इस्पितळ. "मी स्वतः टॅक्सीत घालून नेईन," बडदींनी तिला बजावलं, "तेव्हा तू नाही म्हणायचं नाहीस." तिने मान हलवली. केंद्रात भुकटीचं दूध होतं. पातळ करून, साखर आणि चमचाभर तेल घालून त्याचे चार चमचे त्याच दिवशी मुलीच्या पोटात गेले.

मग बडदी माझ्याकडे वळल्या. "उद्या रविवार, केंद्र बंद. तू दूध घेऊन तिच्या घरी जा. दिवसभर बस. घरात कोण काय खातं ते लिहून आण. आणि सल्ला द्यायचा नाही."

"एकही नाही?"

"विचार, ऐक, लिही. हे असं कसं झालं ते कळल्याशिवाय पुढचं ठरवता येणार नाही."

रविवारी मी बसने निघाले. गोदीचा पूल जहाजासाठी उघडला होता, त्यामुळे अर्धा तास तिथेच गेला. तिची खोली शोधायला आणखी तेवढाच. एक खाट, एक पत्र्याची पेटी, कोपऱ्यात कोळशाची शेगडी. जमीन इतकी स्वच्छ सारवलेली की चप्पल कुठे काढावी ते मला कळेना. तिने माझ्यासाठी पाट मांडला. मी दर दोन तासांनी मुलीला दूध पाजत होते आणि मधल्या वेळात वहीत लिहीत होते.

दहाच्या सुमारास तिने शेगडीवर पातेलं चढवलं. त्यात मूठभर पांढरे दाणे टाकले. साबुदाणा. बंगालात त्याला साबू म्हणतात आणि आजारी माणसाला देतात. दाणे काचेसारखे होईपर्यंत तिने ते शिजवले, फडक्याने गाळले आणि ते कोमट, किंचित गोड पाणी एका वाटीत ओतलं. दाणेसुद्धा नाहीत, नुसतं पाणी. मुलीच्या तोंडाशी वाटी नेली तेव्हा तिने फुंकर घालून आधी स्वतःच्या ओठाला लावून पाहिली.

"हे कधीपासून देता?" मी विचारलं.

"होली से."

मी बोटांवर महिने मोजले. चार. होळीच्या वेळी मुलीला जुलाब लागले होते. वस्तीतल्याच कुणा डॉक्टरांकडे नेलं होतं. चैत्रात दुसरं बाळ झालं, तेव्हा अंगावरचं दूधही तुटलं. साबूच्या पाण्यासोबत कधी भाताची पेज, कधी बिस्किटाचा तुकडा, एवढंच.

"पण हेच का?"

तिला माझा प्रश्न विचित्र वाटला. "डाक्टर बाबू बोले थे, हल्का खाना दो. साबू दो." मग वाटी विसळताना म्हणाली, "बंद करने को तो कोई नहीं बोला."

दुपारी नवरा आला. त्याने हातपाय धुतले, पेटीवरचा डबा उघडला आणि त्यातलं पिवळसर पीठ थाळीत घेतलं. भाजलेल्या हरभऱ्याचं सत्तू. त्यात मीठ, कांदा, मिरची, पाणी घालून गोळा मळला आणि खायला बसला. मुलगी त्याच्या हाताकडे बघत होती. मी विचारलं, हिला देता का कधी हे?

बाई हसली. "ये तो भारी होता है. मरद का खाना."

मी पेन्सिल दातांत धरली. सल्ला द्यायचा नव्हता म्हणून. चार महिने हे मूल या डब्यापासून चार हातांवर बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बडदींसमोर वही ठेवली आणि भडाभडा बोलले. "चार महिने साबूचं पाणी! इतकं कसं कळू नये माणसाला?"

बडदी वही वाचत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "तुला डॉक्टरांनी कधी काही औषध दिलंय?"

"लोहाच्या गोळ्या. पदविकेच्या वर्षात."

"किती दिवस घेतल्यास?"

आठवडाभर घेतल्या होत्या.

"हिला जे सांगितलं ते हिने चार महिने केलं. पोट पुढे आलेलं असताना केलं, ओली बाळंतीण असताना केलं. एक दिवस चुकवला नाही." त्यांनी वही मिटली. "आपल्यातल्याच कुणीतरी दोन शब्द बोललं आणि पुढे काय ते सांगायचं विसरलं. तिने ऐकलं. ते ऐकतात, हे लक्षात ठेव."

आपलं शिक्षण ही जपून हाताळायची वस्तू आहे, हे मला त्या क्षणापर्यंत कधी वाटलं नव्हतं. मला वाटायचं लोक ऐकत नाहीत, म्हणून जोरात सांगायचं असतं. शनिवारी मी त्या बाईच्या हातात जो कागद दिला होता तोही तिने गाठीत बांधून नेला होता. जमलं असतं तर तिने तोही अक्षरशः पाळला असता.

मी विचारलं, मुलीला आता एकदम भरपूर का देत नाही आपण? चमचा चमचा कशाला?

बडदी दूध गाळत होत्या. हात न थांबवता त्या बोलल्या. त्रेचाळीसच्या दुष्काळात त्या विशीत होत्या आणि रस्त्यावर आलेल्या लोकांसाठी चालवलेल्या एका लंगरखान्यात वाढायला जात. "पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांना पोटभर खिचडी वाढली. भुकेल्याला पोटभर द्यावं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. पुन्हा पुन्हा वाढली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर त्यातले काही जण उठलेच नाहीत." त्यांनी गाळणं झटकलं. "तेव्हा शिकवायला कुणी नव्हतं. तुम्हाला आहे."



त्यानंतर मायलेकी रोज व्हरांड्यात असायच्या. पहाटेचं आणि रात्रीचं दूध ती घरी पाजायची, बाकीचं आम्ही. मी रोज सकाळी वजन करायचे. तिसऱ्या दिवशी काटा खाली आला. चौथ्या दिवशी आणखी खाली. पाचव्या दिवशी मला काट्याकडे बघवेना. मुलीचे गाल बसले, बरगड्या मोजता येऊ लागल्या, पाय काटक्यांसारखे झाले. तिची आई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. ओरडली नाही, भांडली नाही. "दीदी, मेरी बेटी तो सूख गई," एवढंच म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बडदी त्या दिवशी दुसऱ्या केंद्रावर होत्या. डॉक्टरांनी मुलीला तपासलं, ठीक चाललंय म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. माझी समजूत पटली नाही.

त्या संध्याकाळी घरी मी न जेवताच ताटावरून उठले. माझ्या आईने विचारलं, काय झालं? "मी एका मुलीला मारते आहे," मी म्हटलं.

आईला आहारशास्त्र येत नव्हतं. तिने आम्हा तिघा भावंडांना वाढवलं होतं. "ताप आहे तिला?"

"नाही."

"दिलेलं खाते?"

"खाते. आज तर चमचा धरून ठेवला होता तिने."

"मग बस आणि जेव," आई म्हणाली.

सहाव्या दिवशी बडदी आल्या. मी वजनांचा कागद पुढे केला. त्यांनी तो पाहिला आणि बाजूला ठेवला. मुलीचं पाऊल मांडीवर घेतलं, अंगठा दाबला, काढला. कातडी लगेच वर आली. खळगा नाही. त्यांनी दुसरं पाऊल पाहिलं. मग मला बसायला सांगितलं आणि माझा अंगठा धरून तिथे दाबायला लावला. त्या इवल्याशा पावलाची हाडं माझ्या बोटाला लागली.

"पाणी उतरलं," त्या म्हणाल्या. "आजचं वजन लिही. हिचं खरं वजन आजपासून."

मग त्यांनी मुलीच्या आईला बोलावलं. मला वाटलं, आता त्या सत्तू द्या म्हणून सांगणार. तसं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुझ्या घरात काय काय असतं?" तिने सांगितलं: तांदूळ, मुरी म्हणजे आपले कुरमुरे, गूळ, मोहरीचं तेल, आणि नवऱ्यासाठी सत्तू.

"सत्तू कशाचं करतात?"

"चन्याचं. भाजून, दळून."

"आणि तुमच्याकडे भाजलेलं भारी मानतात की हलकं?"

ती विचारात पडली. तिच्या कपाळावर आठी आली, गेली. "कच्च्यापेक्षा हलकं," ती हळूच म्हणाली. "भूनने से हल्का हो जाता है." आणि मग तिने स्वतःच मुलीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती घरून मुरी कुटून आणि सत्तू चाळून घेऊन आली. व्हरांड्यात बसून दोन्ही एकत्र केलं, गूळ विरघळवला, तेलाचे थेंब सोडले, पेजेइतकं सैल केलं. मुलीने पहिला घास तोंडात बराच वेळ धरून ठेवला. मग गिळला आणि तोंड उघडलं.

नवव्या किंवा दहाव्या दिवशीची गोष्ट असेल. अकराचा सुमार, डॉक्टर आत रुग्ण तपासत होते, बाहेर रांग होती. मुलगी भिंतीला टेकून बसली होती, शेजारी चटईवर तिचा धाकटा भाऊ. त्या बाळाला शिंक आली. मग दुसरी. मुलीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या ओठांचे कोपरे हलले. आधी मला वाटलं ती रडणार. ती हसली. आवाज नव्हता, फार वेळही टिकलं नाही ते. बाळ तिसऱ्यांदा शिंकलं, तेव्हा पुन्हा हसली.

तिची आई हातातला चमचा तसाच धरून बसली होती. मला तेव्हा कुठे उमगलं, की इतक्या दिवसांत मी या मुलीला एकदाही हसताना पाहिलं नव्हतं, आणि नव्हतं पाहिलं हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बडदींनी दाराशी जाऊन आत हाक मारली, "डॉक्टरबाबू, जरा बाहेर या."

डॉक्टर गळ्यात स्टेथोस्कोप तसाच घेऊन आले. नर्स आली. माझ्याबरोबरच्या चौघी आल्या. रांगेतल्या बायकांना काय चाललंय कळलं नाही, पण त्याही माना उंचावून बघू लागल्या. आम्ही सगळे त्या व्हरांड्यात उभे होतो, आणि दोन वर्षांची एक काटकुळी मुलगी शिंकणाऱ्या भावाकडे बघून हसत होती. देवळात आरती संपल्यावर क्षणभर कुणी हलत नाही, तसं झालं होतं.

"वजन मागाहून वाढतं," बडदी आम्हा मुलींना म्हणाल्या. "आधी हे येतं."

चौघींपैकी एकीने सवयीने वही उघडली आणि मग काय लिहावं ते न कळून मिटली. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. आता इतकी वर्षं या कामात काढली, पुष्कळ परिषदांना गेले, पुष्कळ वर्ग घेतले. पण सूज, केस, कातडी यांच्याइतकंच हसूसुद्धा तपासायचं असतं हे मी त्या व्हरांड्यात शिकले, आणि तेव्हा मला जे वाटलं त्याला आजही मला नीट शब्द सापडत नाही. पोटात डाळ-तांदळाचे चार घास जातात आणि आठ दिवसांत एक माणूस आपल्या आत परत येतं. पुस्तकात मी याला प्रथिनं म्हणत होते.

सहा महिने संपले. इस्पितळात जागा निघाली होती, बाबांनी अर्जही आणून दिला. मी तो भरला नाही. केंद्राला एक कायमची आहारतज्ज्ञ हवी होती, तिथेच राहिले.

पुढच्या वर्षी नव्या पाच मुली आल्या. पहिल्याच आठवड्यात एके सकाळी बडदींनी खोलीत त्यांना बसवलं, समोर खुर्ची ठेवली आणि त्या हमालाच्या बायकोला बोलावलं. "आजचा वर्ग ही घेणार," त्या म्हणाल्या. ती खुर्चीवर बसायला तयार होईना. खाली बसली. मग मुलीही बाकांवरून उतरून खाली बसल्या. तिचं बोलणं बंगालीत सांगायचं काम माझ्याकडे होतं, माझं बंगाली अजून अडखळत होतं तरी.

ती आधी खूप लाजली. मग हात पिठात गेले आणि लाज गेली. मुरी किती बारीक कुटायची, गूळ आधी का विरघळवायचा, मुलाने तोंड फिरवलं तर पाठीवर थापटून पुन्हा कसं विचारायचं, सगळं तिने करून दाखवलं. एका मुलीने विचारलं, सत्तूचं प्रमाण किती ग्रॅम?

मी भाषांतर केलं. ती गोंधळली. मग तिने स्वतःच्या मुलीला जवळ ओढलं, तिची मूठ उघडून तळव्यावर सत्तू ओतलं आणि ती मूठ मिटवली. "इतना," ती म्हणाली. "मेरी मुट्ठी नहीं. उसकी मुट्ठी."

पाची जणी पुढे वाकल्या होत्या. बडदी मागे दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांना मी इतक्या समाधानाने उभं राहिलेलं दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी हल्दियाला नवी गोदी सुरू झाली आणि तिच्या नवऱ्याला तिकडे काम मिळालं. निघण्याच्या दिवशी ती निरोप घ्यायला केंद्रावर आली. मुलगी आता सहाच्या घरात होती, पुढचे दोन दात पडलेले, केस काळेभोर, दोन घट्ट वेण्या. तिला मी आठवत नव्हते. आईमागे लपून तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ये, जाता जाता एकदा वजन करू तुझं.

"नहीं," ती म्हणाली, आणि गल्लीत पळाली. आई बोचकं सांभाळत, तिला हाका मारत मागे धावली. वळणावर थांबून तिने एकदा हात वर केला. मी व्हरांड्याच्या पायरीवर उभी होते. आतून बडदींनी हाक मारली, रांग फाटकापर्यंत गेली होती.